रक्ताचा थेंब : नळीतला आणि कागदावरचा

महावीर जन्मकल्याणक आले, किंवा एखाद्या संघाचा वर्धापनदिन आला, की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील सभागृहांत रक्तदानाचे शिबिर भरते. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या खाटा, रक्तपेढीची माणसे, दात्यांसाठी कॉफी-बिस्किटे आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. अलीकडे त्याच सभागृहाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक टेबल मांडलेले दिसते. तेथे बोटाला टोचून साखर पाहतात, हिमोग्लोबिन पाहतात आणि काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीवर थेंब टाकून हिपॅटायटिस-सीही पाहतात. खाटेवरून उठलेला दाता आणि टेबलावरून उठलेला गृहस्थ, दोघेही घरी जाऊन एकच वाक्य सांगतात : "हिपॅटायटिसची तपासणी झाली." वाक्य एक असले, तरी दोघांच्या रक्ताचा प्रवास अगदी निराळा असतो.

दात्याच्या पिशवीबरोबर त्याच्या शिरेतील रक्ताच्या छोट्या नळ्याही रक्तपेढीत जातात. तेथे ते रक्त यंत्रात फिरवून त्याचे घटक वेगळे होतात आणि बहुधा एलायझा नावाच्या पद्धतीने त्याची तपासणी होते. टेबलावरच्या गृहस्थाचे रक्त कोठेही गेलेले नसते. थेंब पट्टीवर पडला, थोड्या वेळाने एक रेघ उमटली की दोन, एवढे पाहून निर्णय झाला. या दोहोंखेरीज तिसराही एक नमुना वैद्यकशास्त्रात आहे. तो म्हणजे जाड गाळणकागदावर वाळविलेला थेंब. यांतील कोणता नमुना कोठे वापरावा, हा प्रश्न वरवर निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु ज्या ट्रस्टांनी उपनगरांत डायलिसिसची केंद्रे चालविली आहेत, ज्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे आणि जे कार्यकर्ते दरवर्षी उत्साहाने आरोग्य शिबिरे भरवितात, त्यांच्या दृष्टीने तो पैशाचा, वेळेचा आणि प्रसंगी एखाद्याच्या जीविताचा प्रश्न आहे.

हिपॅटायटिस-सी हा यकृताला सूज आणणारा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो : नीट न तपासलेले रक्त, पुन्हा वापरलेली सुई, अस्वच्छ उपकरणे या त्याच्या वाटा. एका पंगतीत जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा शेजारी बसल्याने तो पसरत नाही. निदानानंतर रुग्णाचे ताट वेगळे ठेवणारी घरे आजही आढळतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. विषाणू शरीरात शिरल्यावर सुमारे तिघांपैकी एकाचे शरीर त्याला स्वतःच हुसकावून लावते. उरलेल्यांत तो मुक्काम ठोकतो आणि त्या मुक्कामाची खूण पुष्कळदा वीस-वीस वर्षे दिसत नाही. थोडा थकवा, थोडी अरुची, आणि मग एके दिवशी पोटात पाणी साठल्याचे कळते. या रोगाला लस अद्याप नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. त्यांतील बहुसंख्यांना त्याची वार्ताही नाही.

नमुन्यांची तुलना करण्यापूर्वी तपासण्यांतील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. पहिली तपासणी प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीची. विषाणू येऊन गेला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि ती बहुधा जन्मभर राहतात. दुसरी तपासणी विषाणूच्या आर.एन.ए.ची, म्हणजे तो आज प्रत्यक्ष रक्तात आहे की नाही याची. व्यापारी घरांतील वाचकांना हा भेद चटकन उमगेल. प्रतिपिंड ही खातेवहीतील जुनी नोंद आहे. या गृहस्थाने कधीकाळी कर्ज घेतले होते, एवढेच ती सांगते. ते फिटले की अजून थकलेले आहे, हे आजच्या तारखेची शिल्लक पाहिल्यावरच कळते. ती शिल्लक म्हणजे आर.एन.ए. तपासणी. जुन्या नोंदीवरून कोणाला थकबाकीदार ठरवायचे नसते, हे पेढीवरचा नवखा कारकूनही जाणतो. आरोग्य शिबिरांत मात्र पट्टीवर दोन रेघा दिसल्या की माणसाला रोगी ठरवून मोकळे होतात.

शिवाय खातेवहीत नोंद पडायलाही वेळ लागतो. संसर्गानंतर प्रतिपिंडे दिसू लागण्यास साधारणतः ८ ते ११ आठवडे जातात, आर.एन.ए. मात्र १ ते २ आठवड्यांत सापडतो. मधल्या काळात माणूस संसर्गित असतो, त्याचे रक्त दुसऱ्याला बाधू शकते, आणि प्रतिपिंडांची तपासणी मात्र निर्दोष येते.

आता नळीविषयी. शिरेतील रक्त साध्या नळीत ठेवले तर अर्ध्या तासात गोठते आणि यंत्रात फिरविल्यावर वर जो पिवळसर निवळ द्रव उरतो, तो सीरम. रक्त गोठू न देणारे द्रव्य नळीत असेल, तर वर उरतो तो प्लाझ्मा. प्रयोगशाळेत लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी दिसते ती सीरमसाठी; जांभळ्या झाकणाची, ई.डी.टी.ए. असलेली, ती प्लाझ्मासाठी. प्रतिपिंडे पाहण्यास दोन्ही सारख्याच उपयोगी आहेत. आर.एन.ए. पाहण्यास प्रयोगशाळा सहसा जांभळी नळी पसंत करतात. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असते आणि ते पी.सी.आर. या प्रक्रियेला अडथळा आणते; म्हणून त्या नळीतील रक्त या कामी टाळतात. झाकणाच्या रंगाची ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु चुकीच्या नळीत घेतलेला नमुना म्हणजे चुकीच्या खात्यात भरलेला धनादेश होय. रक्कम खरी असूनही उपयोग शून्य.

सीरमला वैद्यकाच्या इतिहासात मोठा मान आहे, कारण ते गोठवून वर्षानुवर्षे जपता येते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. हार्वे ऑल्टर यांच्या ध्यानात आले, की रक्त घेतल्यानंतर होणारी पुष्कळशी कावीळ 'ए' विषाणूचीही नाही आणि 'बी'चीही नाही. त्यांनी अशा रुग्णांचे आणि दात्यांचे सीरम जपून ठेवले. १९८९ मध्ये डॉ. मायकेल हौटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू ओळखला, तेव्हा त्यांच्या नव्या तपासणीची कसोटी ऑल्टर यांच्याकडील जपलेल्या नमुन्यांवरच लागली. या दोघांना डॉ. चार्ल्स राइस यांच्यासह २०२०चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही असा एक अध्याय आहे. १९५५-५६ साली दिल्लीत दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ आली होती. त्या साथीतील जपलेले सीरम पुढे पुण्याच्या विषाणू संस्थेतील डॉ. खुर्शेद पावरी व सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर तपासले आणि ती कावीळ 'ए'ची नव्हती, 'बी'चीही नव्हती, असे १९८० साली दाखवून दिले. आज ज्याला हिपॅटायटिस-ई म्हणतात, त्याच्या शोधाकडे नेणारे ते एक पाऊल होते. पाव शतकापूर्वीचे रक्त साक्षीला उभे राहिले, ते कोणीतरी ते थंड जागी सांभाळून ठेवले होते म्हणून.

त्या शेवटच्या अटीतच नळीचे दुबळेपण आहे. आर.एन.ए. नाजूक असतो. नळीतील रक्तापासून प्लाझ्मा काही तासांत, फार तर त्याच दिवशी, वेगळा करावा लागतो आणि पुढे तो थंड ठेवावा लागतो. रुग्णालयाच्या इमारतीतच प्रयोगशाळा असेल तर यात अडचण नाही. परंतु शिबिर रविवारी, मे महिन्याच्या उकाड्यात आणि प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, अशी स्थिती असेल तर नळ्यांचा डबा घेऊन निघालेला मुलगा वाहतुकीत अडकतो आणि नमुन्याचा कस उतरतो. गावाकडे, जेथे फिरविण्याचे यंत्रही नाही आणि वीजही बेभरवशाची, तेथे तर नळी हा मार्गच खुंटतो. वृद्ध, कृश, किंवा अनेक वर्षे सलाइन-सुया सोसलेल्या माणसाची शीर सापडणे ही आणखी वेगळी अडचण.

येथे कागद पुढे येतो. १९६०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेला थेंब गाळणकागदावर वाळवून जन्मजात विकार ओळखण्याची रीत रूढ केली. तान्ह्या बाळाच्या शिरेतून नळीभर रक्त काढणे कोणत्याच आईला सोसणारे नव्हते, म्हणून ही युक्ती. तीच पुढे मोठ्यांच्या रोगांसाठी वापरात आली. भारतात एच.आय.व्ही.बाधित मातांच्या तान्ह्या बाळांची तपासणी गेली अनेक वर्षे अशाच कागदावरच्या थेंबांवरून होते.

घाटकोपरहून फार दूर नसलेल्या देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे संयोजन हीच संस्था करते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत तिच्या देखरेखीखाली सहा लाखांहून अधिक घरांपर्यंत सर्वेक्षक पोहोचले आणि त्यांतील ठरावीक घरांत स्त्री-पुरुषांच्या संमतीने बोटातील रक्ताचे थेंब कागदी कार्डावर घेण्यात आले. मूळ हेतू एच.आय.व्ही.ची मोजणी हा होता. पुढे याच सर्वेक्षणाच्या आधारे केंद्र शासनाने हिपॅटायटिसचा देशव्यापी अंदाज काढला : हिपॅटायटिस-बी सुमारे ०.९५ टक्के आणि हिपॅटायटिस-सीची प्रतिपिंडे सुमारे ०.३२ टक्के. गडचिरोलीतील पाड्यावर आणि बाडमेरच्या ढाणीवर शीतपेटीसह नळ्या पाठवून हा आकडा हाती आला असता काय? खर्चाचा नुसता अंदाज करून पाहावा. देशाला आपल्या रोगाचा ताळा लागला, तो कागदावरच्या थेंबांमुळे.

कार्डाची रीत साधी असली, तरी तिला शिस्त लागते. हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, बोटाच्या कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि पुढचा आपल्या भाराने कार्डावरील वर्तुळात पडू द्यायचा. बोट कागदावर घासायचे नाही, एकावर एक दोन थेंब टाकायचे नाहीत. मग कार्ड आडवे ठेवून, उन्हापासून दूर, निदान तीन-चार तास वाळवायचे आणि आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह घट्ट बंद पिशवीत ठेवायचे. पोहोचल्यावर प्रयोगशाळा त्या ठिपक्याची चकती कापून द्रावणात भिजवते आणि उतरलेल्या रक्ताची तपासणी करते. मुंबईच्या दृष्टीने यातील नाजूक टप्पा वाळविण्याचा आहे. जुलैत जेथे पापड मऊ पडतात आणि मीठ ओले होते, तेथे तीन तासांत कार्ड वाळेल, असे धरून चालू नये; रात्रभर ठेवणे बरे. ओलसर कार्ड पिशवीत गेले, तर आतला आर.एन.ए. हळूहळू नष्ट होतो, बुरशी धरू शकते आणि येणारे उत्तर विश्वासार्ह राहात नाही. पावसाळ्यात शिबिर भरवू इच्छिणाऱ्यांनी एवढे एक जरी सांभाळले, तरी कार्डावरचे निम्मे आक्षेप गळून पडतील.

आता अचूकतेचा हिशेब. नळीतून यंत्राला अर्धा मिलिलिटर किंवा अधिक प्लाझ्मा मिळतो. कार्डाच्या एका वर्तुळात सुमारे ५० ते ७० मायक्रोलिटर रक्त मावते. त्यातही प्लाझ्मा निम्म्याच्या आसपास, आणि ते पुन्हा द्रावणात विरळ होते. भांडवलच थोडे, तेव्हा नफ्याची मर्यादा उघड आहे. नळीतील प्लाझ्मातून आजची यंत्रे मिलिलिटरमागे १०-१५ एकक इतका अल्प विषाणूही ओळखू शकतात. कार्डावर हीच मर्यादा हजाराच्या घरात, कधी त्याहून वर जाते. ऐकताना फरक भयंकर वाटतो. परंतु उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणू सहसा मिलिलिटरमागे लाखांनी असतो. दहा हजारांच्या आतील वजन न दाखविणारा काटा धान्याच्या गोण्या मोजायला पुरतो. सोने मोजायला नाही. म्हणूनच जगभरच्या तुलनात्मक अभ्यासांत शिरेतील रक्तावरून ज्यांना बाधित ठरविले, त्यांतील शंभरापैकी ९५हून अधिक कार्डावरूनही ओळखले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७च्या मार्गदर्शनात जेथे शिरेतून रक्त घेण्याची किंवा ते नेण्याची सोय नाही, तेथे कार्डाला मान्यता दिली. मात्र कित्येक तपासणी-संच मुळात सीरम-प्लाझ्मासाठीच बनविलेले असतात, त्यामुळे कार्ड स्वीकारणाऱ्या प्रयोगशाळेने ती पद्धत स्वतःकडे पडताळून घेतली आहे काय, हे विचारणे आयोजकांचे कर्तव्य आहे.

शंभरांतील त्या चार-पाच निसटणाऱ्यांवर बोट ठेवून कार्डाला नाकारणारेही आहेत. त्यांचा आक्षेप रक्तपेढीच्या संदर्भात पूर्णतः योग्य आहे. तेथे एक निसटला तर दुसऱ्याच्या जिवाशी गाठ पडते; तेथे नळीच हवी. परंतु ज्याची अन्यथा तपासणीच झाली नसती, त्याच्या बाबतीत ९५ टक्के अचूक कार्डाची तुलना ९९ टक्के अचूक नळीशी करणे अन्यायाचे आहे. तुलना शून्याशी करावयास हवी.

बोटातील थेंबाचा आणखी एक आधुनिक उपयोग आहे. छोट्या यंत्रात काडतुसासारखा संच बसवून बोटातील १०० मायक्रोलिटर रक्तावरून सुमारे तासाभरात आर.एन.ए.चे उत्तर देणारी पद्धत आता उपलब्ध आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र क्षयरोगाच्या तपासणीमुळे अनेकांना परिचित झाले. त्यावर हिपॅटायटिस-सीचीही तपासणी होते. अशा छोट्या यंत्रांमुळे पट्टीवर दोन रेघा आलेल्या माणसाला 'पंधरा दिवसांनी या' असे सांगावे लागत नाही. पंधरा दिवसांनी येतो कोण? पुष्कळजण परत फिरकतच नाहीत, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

शिबिरे भरविणाऱ्यांनी एक आकडेमोड अवश्य करून पाहावी. समजा, उपनगरातील १०,००० सर्वसाधारण रहिवाशांची पट्टीवर तपासणी केली. ०.३२ टक्के धरले तर त्यांत खरोखर प्रतिपिंडे असलेले ३२ जण. पट्टी शंभरात ९८ जणांना ओळखते असे मानले, तर त्यांतील ३१ सापडतील. आता उरलेले ९,९६८. पट्टी निर्दोषाला निर्दोष म्हणण्यात ९९ टक्के अचूक असली, तरी एक टक्का म्हणजे सुमारे १०० निर्दोष माणसांना ती दोषी ठरवील. एकूण १३१ जणांच्या हाती 'पॉझिटिव्ह' असा कागद पडला. त्यांतील खरे ३१. आणि त्या ३१ पैकी काहींचा विषाणू शरीराने केव्हाच घालविलेला असणार; म्हणजे प्रत्यक्ष उपचाराची गरज असलेले सुमारे २२. शंभराहून अधिक घरांत विनाकारण काळजी, कुजबुज, ठरत आलेल्या सोयरिकीत खोडा. पट्टी वाईट नाही. ज्यांच्यात रोग विरळ आहे अशांवर ती चालविली, आणि पुढच्या तपासणीची तजवीज केली नाही, हे वाईट आहे. आर.एन.ए.ची सोय हाताशी नसताना हिपॅटायटिस-सीचे टेबल मांडूच नये, असे स्पष्ट मत येथे नोंदविणे भाग आहे. त्या खर्चात चष्मे वाटावेत.

हीच पट्टी डायलिसिस केंद्रात नेली तर चित्र पालटते. आठवड्यातून दोन-तीनदा ज्यांचे रक्त यंत्रातून फिरते, ज्यांना वारंवार रक्त चढविले गेले आहे, त्यांच्यात या विषाणूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांहून कितीतरी अधिक आढळते. तेथे दोन रेघांचा अर्थ खरा असण्याची शक्यताही तितकीच अधिक. परंतु उलटा धोका तेथे असतो : मूत्रपिंडाच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने प्रतिपिंडे उशिरा तयार होतात, कधी होतच नाहीत. खात्यात नोंदच नाही, कर्ज मात्र आहे. म्हणून नव्या रुग्णाला दाखल करताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, आणि दाखल करताना आर.एन.ए.ही पाहावा, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. नमुना डायलिसिस सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण त्या प्रक्रियेत हेपारिन देतात आणि प्रक्रियेनंतर रक्तातील विषाणूचे प्रमाणही तात्पुरते घटलेले असू शकते. ट्रस्टच्या केंद्रांत सवलतीच्या दरात सेवा देताना हा तपासणीचा खर्च वाचविण्याचा मोह होतो. एका रुग्णाचे निदान चुकले, तर त्या पाळीतील इतर रुग्णांनाही त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे विश्वस्तांनी अंदाजपत्रक मांडताना समोर ठेवावे.

रक्तपेढीकडे पुन्हा वळू. प्रत्येक दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस-बी, हिपॅटायटिस-सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची आहे. विषाणूचा अंशच शोधणारी नॅट तपासणी मात्र सक्तीची नाही. काही रक्तपेढ्या ती करतात आणि तिचा दर वेगळा असतो. मे २०२२ मध्ये नागपूर येथे थॅलेसेमियाच्या चार मुलांना एच.आय.व्ही.ची बाधा झाल्याचे उघड झाले आणि त्यांतील एक मूल दगावले. विषाणू वेगळा, परंतु रक्ताची वाट तीच आणि नोंद पडण्यापूर्वीचा तो अंधारा काळही तसाच. या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागते, वर्षाला पंधरा-वीसहून अधिक पिशव्या. एकेका पिशवीतील धोका नगण्य असला, तरी वीस वर्षांत चारशे पिशव्यांचा धोका नगण्य राहात नाही. बोरिवली पूर्वेला महानगरपालिकेचे थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे स्वतंत्र केंद्र आहे. उपनगरांतील अनेक कुटुंबांचा तो आधार आहे. संघाने शिबिरासाठी रक्तपेढी निवडताना 'तुमच्याकडे नॅट होते काय?' एवढा एक प्रश्न विचारला, तर शिबिराच्या बॅनरवरील पिशव्यांच्या आकड्याहून तो अधिक उपयोगी ठरेल.

निदान झाल्यावर पुढे काय, ही चिंता आता पूर्वीइतकी नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर हे औषध आले, तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. बारा आठवड्यांच्या ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर. पुढच्याच वर्षी मूळ कंपनीने मुंबईच्या सिप्लासह सात भारतीय कंपन्यांना ते बनविण्याचे परवाने दिले आणि २०१५ पासून किंमत झपाट्याने उतरली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. या कार्यक्रमाचा राष्ट्रीय कृती आराखडा २४ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईतच जाहीर झाला. त्या प्रसंगी अमिताभ बच्चन उपस्थित होते. १९८२च्या अपघातानंतर चढविलेल्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस-बी झाला आणि ते अनेक वर्षांनी नित्याच्या तपासणीत कळले, तोवर यकृताचा मोठा भाग निकामी झाला होता, हे त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. 'बी'वर आजही नियंत्रणच मिळते. 'सी' मात्र बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, शंभरांतील ९५हून अधिकांचा.

उपवासाविषयी नेहमी विचारणा होते. हिपॅटायटिस-सीच्या कोणत्याही तपासणीसाठी उपाशीपोटी असावे लागत नाही. उलट चौविहार उपवासात पाणी न घेतल्याने शिरा दबतात आणि सुई दोनदा टोचावी लागते. म्हणून शक्य तर पारण्यानंतरचा दिवस निवडावा. गोळी दिवसातून एकदा घ्यावयाची असते, ती सकाळी घेतली तरी चालते. त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांच्या नियमाला बाधा येत नाही. तिविहारात किंवा दीर्घ तपश्चर्येच्या काळात औषध कसे घ्यावे, हे मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठरवावे. मध्येच खंड पाडू नये.

औषधांचा क्रम संपल्यानंतर बारा आठवड्यांनी पुन्हा आर.एन.ए. पाहतात. तो आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला. या अखेरच्या तपासणीस शक्य तेथे जांभळ्या झाकणाची नळीच वापरावी, कारण आता अगदी अल्प विषाणूही शोधावयाचा असतो, आणि तेथे सोन्याचा काटा लागतो. बऱ्या झालेल्या माणसाला रक्तदान करता येत नाही, हे त्याला आधीच समजावून सांगावे, नाहीतर शिबिरात खाटेजवळून परत पाठविले जाण्याचा संकोच वाट्यास येतो. त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तशीच राहणार. शस्त्रक्रियेपूर्वी, विम्यासाठी, परदेशी जाताना, जेथे कोठे पट्टी किंवा एलायझा होईल, तेथे उत्तर 'पॉझिटिव्ह' येणारच. म्हणून त्या अखेरच्या आर.एन.ए. अहवालाच्या तीन-चार छायाप्रती काढून ठेवाव्यात आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे, महत्त्वाच्या कागदांच्या फाइलीत, तारखेसह लावून द्यावी.